परतीची गाडी कितीची?

कंट्रोलर मॅडमचे निधन गेल्या फेब्रुवारीतल्या एका बुधवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास शहाद्यातील राहत्या घरी झाले. कारण हृदयविकार. वय एकसष्ट. निवृत्तीला एक वर्ष झाले होते. अंत्यविधीला महाविद्यालयातले सहकारी होते, तापीकाठच्या माहेरगावाहून आलेले गुजर नातेवाईक होते आणि डोंगराच्या रस्त्यावर जीप चालवणारे चार ड्रायव्हर होते. हे चौघे कशासाठी आले, ते जमलेल्यांपैकी निम्म्या लोकांना माहीत नव्हते.

एसटी स्टँडच्या खिडकीत बसून गाड्यांच्या वेळा सांगणाऱ्या माणसाला आपल्याकडे कंट्रोलर म्हणतात. मॅडम अर्थशास्त्र शिकवत. पण एखादी मुलगी संशोधनाचा विषय घेऊन त्यांच्याकडे गेली की त्या विषय विचारत नसत. पहिला प्रश्न ठरलेला होता : "परतीची गाडी कितीची?" उत्तर आले नाही तर त्या पर्समधून हाताने लिहिलेले वेळापत्रक काढत आणि मुलीसमोर ठेवत. विषयावर बोलणे त्यानंतर. हे नाव मुलींनीच पाडले होते आणि मॅडमना ते ठाऊक होते. एकदा त्या म्हणाल्या, "कंट्रोलर म्हणा, काही हरकत नाही. गाडी चुकली म्हणून माझ्याकडे रडत येऊ नका."

मी दोन वर्षे त्यांच्याकडे जात होते. नंतर संशोधन सोडून नंदुरबारला एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात लागले. त्यामुळे पुढचे काही पाहिलेले आहे आणि काही संबंधितांना विचारून घेतलेले आहे.

मॅडमच्या उपक्रमाला नाव नव्हते. शनिवारी दुपारी दोन ते चार, ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या रॅकशेजारचे टेबल, एवढीच त्याची ओळख. येणाऱ्या बहुतेक जणी तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या होत्या, पीएच.डी.ला नाव नोंदवलेल्या आणि लग्न झालेल्या. प्रत्येकीचे मार्गदर्शक विद्यापीठाने नेमलेले असत. मॅडम कोणाच्याही कागदोपत्री मार्गदर्शक नव्हत्या. नियम एकच होता. दर शनिवारी एक पान लिहून आणायचे. कसेही असो, पण आणायचे. उशीर का झाला, घरी कोण आजारी होते, हे कोणी सांगू लागले की त्या हात पुढे करत. "कारण नको, पान दाखव." एकीने घाईत लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पान लिहून आणले. मॅडमनी ते लाल पेनने तपासले, मग पत्रिका उलटून वाचली आणि म्हणाल्या, "म्हणजे सतरा तारखेच्या शनिवारी तू येणार नाहीस. त्याचं पान आधीच दे."

ज्यांच्या घरून विरोध होता, त्यांच्या घरी त्या स्वतः जात. बैठकीच्या खोलीत बसत नसत, सरळ स्वयंपाकघरात जात. वर्गात प्रमाण मराठी, माहेरच्या माणसांत गुजरी आणि सासवांशी अहिराणी, अशी त्यांची वाटणी होती. कोरीट गावातल्या एका घरी मी सोबत होते. तिथल्या सासूबाई चुलीपुढे बसून होत्या. मॅडम त्यांच्याशेजारी पाटावर बसल्या.

"मावशी, तुमनी सून चोरी नही करी ऱ्हायनी, लिखी ऱ्हायनी."

"लिखी ऱ्हायनी ते ठीक शे," सासूबाई म्हणाल्या, "पन भाकरी कोन करी?"

"आज मी करस."

मॅडमनी खरोखर परात ओढली. भाकरी जाड झाली आणि एका बाजूने करपली. सासूबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली आणि सुनेला म्हणाल्या, "जाय माय, तू लिख. आठे मी देखस. हाई बाईले भाकरी येस नही, तरी नोकरी शे." ती सून पुढच्या शनिवारी पान घेऊन आली.

टेबलावर आणखी एक सराव चाले. प्रत्येकीला उभे करून मॅडम तिच्या विषयावर प्रश्न विचारत, ती अडेपर्यंत. अडली की तिने मान खाली न घालता, आवाज न उतरवता "माहीत नाही" असे म्हणायचे. काही जणींना याला महिने लागले. कोणी हसत, कोणी "सॉरी मॅडम" जोडत. मॅडम परत विचारत. "सॉरी कशाबद्दल? माहीत नाही हे उत्तर आहे. पूर्ण उत्तर आहे. परत म्हण."

डोंगरात जाणाऱ्या मुलींसाठी वेगळी नोंदवही होती. नाव, गाव, जाण्याची गाडी, परतीची गाडी, असे चार रकाने. जायचे ते फक्त बाजाराच्या दिवशी. याचे कारण त्या सांगत. बाजाराच्या दिवशी जीप बायांनी भरून वर जाते आणि बायांनी भरून खाली येते. इतर दिवशी शेवटची जीप कधी सुटेल ते जीपवाल्यालाही ठाऊक नसते. साडेचार वाजले की त्या ड्रायव्हरला फोन करत. "भाऊ, मन्ही पोर बसनी का?" पुन्हा पाच वाजता. एका ड्रायव्हरने वैतागून सांगितले होते, "बसनी ना मॅडम! दोनदा बसाडू का?" संध्याकाळी वर जाऊन सकाळी खाली येणारी मुक्कामी गाडी त्यांच्या वेळापत्रकात नव्हती. एकीने विचारल्यावर त्या म्हणाल्या, "ती आपल्या कामाची नाही."

हा नियम त्यांनी स्वतःवरून घेतला होता. लग्नानंतर त्यांनी पीएच.डी.ला नाव नोंदवले तेव्हा यजमान पुरुषोत्तमनगरला कारखान्यात नोकरीला होते. सासऱ्यांनी परवानगी दिली ती दिवेलागणीच्या आत घरी येण्याच्या अटीवर. विषय होता डोंगरातल्या घरांमधली धान्याची साठवण. तोरणमाळच्या वाटेवर एक बाजाराचे गाव आहे. मॅडम बाजाराच्या दिवशी तिथे जात, आमचूर, चारोळी, मोह, कोंबड्या विकायला आलेल्या बायांजवळ बसत आणि विचारत. घरचे धान्य कोणत्या महिन्यापर्यंत पुरते, असे त्यांनी कधी विचारले नाही. "महिना विचारू नको, सण विचार," हे त्या आम्हालाही सांगत. उत्तरे नीट जुळली. बहुतेक घरांत धान्य आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, काहींत त्याही पुढे पुरत होते. प्रबंध झाला, त्यावरचा लेख एका संशोधनपत्रिकेत आला. पुढची वीस वर्षे या भागावर लिहिणाऱ्यांनी त्याचा आधार घेतला. बाजाराच्या दिवसाचा नियम पाळून या टेबलावरच्या पाच जणींनी डोंगरातले काम पूर्ण केले. त्यांतली एकही दिवेलागणीनंतर घरी पोहोचली नाही.

सहावी नसरीन. शहाद्यातल्या रजया भरणाऱ्या कारागिराची मुलगी. तिला मॅडमच्याच विषयावर, त्याच भागात, वीस वर्षांनी काय बदलले ते पाहायचे होते. तिच्या वडिलांना आम्ही चाचा म्हणायचो. ते आधी नाही म्हणाले. मॅडम त्यांच्या दुकानात गेल्या, पिंजण्याचे यंत्र बंद करायला लावले आणि एक कागद लिहून दिला : मुलगी फक्त बाजाराच्या दिवशी जाईल, संध्याकाळी सहाच्या आत घरी येईल, जबाबदारी माझी. खाली सही. चाचांनी तो घडी करून गल्ल्यात ठेवला.

नसरीन तीन वर्षे बाजाराला जात होती. पावरी बोलीतले मराठीत सांगायला तिच्याबरोबर सुनंदाताई असायची. ती वरच्या एका पाड्यावरची आशा कार्यकर्ती. नसरीनच्या नोंदणीची मुदत संपायला चार महिने राहिले होते आणि प्रबंधाची शेवटची दोन प्रकरणे टाइप होत होती, तेव्हाची गोष्ट. यादी जुळवताना तिला दिसले की सुनंदाताईच्या पाड्यावरच्या शेवटच्या काही घरांचे फॉर्म भरलेले नाहीत. पुढच्या बाजारी ती सुनंदाताईला म्हणाली, "ताई, त्या टोकाच्या घरातल्या बाया आल्या की मला दाखवा. त्यांचेच राहिलेत."

"त्या नाही येणार."

"का? आजारी आहेत?"

"आजारी कशाला? विकायला काय आणतील? आणि विकलं नाही तर घेतील कशानं? त्या बाजाराला येतच नाहीत."

"कधीच नाही?"

"होळीच्या बाजाराला येतात. बघायला." सुनंदाताईने पुढे विचारले, "तुम्हाला माहीत नव्हतं? मला वाटलं, तुम्हाला फक्त बाजारातल्याच बाया पाहिजेत."

त्या शनिवारी नसरीन पान न आणता टेबलावर आली. मी तिथे नव्हते. हजर असलेल्या दोघींनी पुढचे सारखेच सांगितले. नसरीनने सुनंदाताईचे बोलणे जसेच्या तसे सांगितले. मॅडमनी विचारले, "अशी घरं किती?"

"माहीत नाही," नसरीन म्हणाली. मान वर होती.

मॅडम उठल्या. कपाटातून त्यांनी स्वतःचा प्रबंध काढला आणि उभ्यानेच पद्धतीचे प्रकरण वाचले. मग म्हणाल्या, "मीही बाजारातच बसले होते." त्यांनी प्रबंध मिटला. "आणि तुम्हा पाचही जणींना तिथेच बसवलं." डोंगरातले काम केलेल्या त्या पाचपैकी दोघीच त्या दिवशी हजर होत्या. त्यांतली एक म्हणाली की परतीची जीप बाजारामुळेच मिळते, दुसरे करणार तरी काय होतो? मॅडम म्हणाल्या, "ते कारण झालं. पान कुठंय?"

नसरीनच्या मार्गदर्शकांचे मत वेगळे होते. अभ्यासाच्या मर्यादांमध्ये एक ओळ टाकावी आणि प्रबंध सादर करावा. मुदत गेली तर सगळे जाईल. सल्ला वावगा नव्हता. महाविद्यालयात कायम जागेची जाहिरात येणार होती आणि पदवी नसेल तर नसरीनला अर्जही करता येणार नव्हता. मॅडमनी तिला दोन्ही बाजू सांगितल्या आणि आठ दिवस दिले. नसरीन तिसऱ्या दिवशी आली. "एका ओळीत ती घरं मावत नाहीत," असे ती म्हणाल्याचे तिला आठवते. मॅडमच्या आठवणीत तिने फक्त "वर जायचंय" एवढे म्हटले होते.

मुदतवाढीचा अर्ज मॅडमनी स्वतः लिहिला. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिले : "माहिती गोळा करण्याच्या पद्धतीत चूक. ही पद्धत मी ठरवून दिली होती." खाली त्यांची सही होती. नियमाप्रमाणे त्या सहीची गरज नव्हती. मुदतवाढ एक वर्षाची मिळाली.

आता चाचांकडे जाणे भाग होते. टोकाच्या घरातल्या बाया दिवसभर मजुरीला किंवा जंगलात असतात. सकाळी आणि संध्याकाळीच भेटतात. म्हणजे वर मुक्काम करावा लागणार होता. दुकानात नसरीन हजर होती आणि तिने मला हे सांगितले. मॅडम बोलायला लागताच चाचांनी गल्ला उघडून कागद काढला.

"मॅडम, ये देखो. तुम्हारे हाथ का है. छे बजे के अंदर."

"माझाच आहे. तो चुकला."

"कागद चुकला की पोरगी चुकली?"

"कागद."

चाचांनी यंत्रावरचा कापूस बाजूला सारला. मग म्हणाले, "लोक मला विचारतील ना. रात्रीची पोरगी कुठे आहे?"

"सांगा, मॅडमबरोबर आहे. मीही जाणार आहे."

"तुम्ही? या गुडघ्यांनी?"

"हो."

"और वापसी की गाडी? कितने बजे की?"

मॅडम इतरांना विचारत आल्या तो प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कोणी विचारला होता. "माहीत नाही," त्या म्हणाल्या.

चाचांनी कागद पुन्हा गल्ल्यात ठेवला, परत दिला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी महाविद्यालयाच्या फाटकावर दोन नव्या रजया पोहोचत्या केल्या. निरोप एवढाच होता की वर थंडी असते.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोघी मुक्कामी गाडीने वर गेल्या. नोंदवहीत मॅडमनी आपले नाव नसरीनच्या नावाखाली लिहिले आणि परतीच्या गाडीचा रकाना दोघींचा कोरा ठेवला. त्या सुनंदाताईच्या घरी राहिल्या. पहिल्या खेपेला नऊ दिवस, होळीपर्यंत आणखी तीन खेपा. सुनंदाताई सांगते की मॅडमना पावरी येत नव्हती. त्या दारात बसून राहायच्या, बाई दमून आलेली असेल तर काही विचारायच्या नाहीत, तिच्याबरोबर नागलीचे दाणे निवडायच्या. एका घरात धान्याची कणगी उघडून दाखवा असे नसरीन म्हणाली, तेव्हा घरातल्या म्हातारीने कणगी आडवी केली आणि आतून कोंबडी बाहेर आली. म्हातारी हसली. मॅडमही हसल्या, असे सुनंदाताई म्हणते. नसरीनला त्या हसल्याचे आठवत नाही.

त्या घरांमधले धान्य होळीच्या आधी संपत होते. मॅडमच्या लेखातल्या आखाजीला ती घरे पोहोचतच नव्हती.

मार्चमध्ये मॅडमनी संशोधनपत्रिकेला पत्र पाठवले : वीस वर्षांपूर्वीच्या माझ्या लेखातले निष्कर्ष फक्त बाजारात येणाऱ्या घरांना लागू आहेत, सर्व घरांसाठी ते वापरू नयेत. पत्र परत आले. पत्रिका बंद पडली होती. मग त्या नंदुरबारला आमच्या कार्यालयात आल्या. मी दैनिकात गेले तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, "पेपरवाल्यांना परतीची गाडी लागत नाही वाटतं." त्यानंतर आमची भेट क्वचित झाली होती. त्यांनी ते पत्र माझ्यापुढे ठेवले.

"एवढं छाप."

"मॅडम, ही बातमी नाही. कोण वाचणार?"

"ज्यांनी माझा आकडा घेतला, त्यांच्यातलं कोणीतरी वाचेल. तुमच्यात चूक झाली की दुसऱ्या दिवशी दुरुस्ती छापता. आमच्यात वीस वर्षं लागली. आणखी किती लावू?"

आतल्या पानावर, बाजारभावाखाली, पाच ओळी छापल्या. मजकूर मी लिहिला. त्यांनी फोन करून एक शब्द बदलायला सांगितला होता. मी 'त्रुटी' लिहिले होते. त्यांना 'चूक' हवे होते.

त्याच वर्षी महिला संशोधकांसाठी मार्गदर्शन योजना अधिकृतपणे सुरू करण्याचे महाविद्यालयाने ठरवले. खोली, संगणक, समन्वयकाचे पद आणि वर्षातून दोन कार्यशाळा असे त्याचे स्वरूप होते. समन्वयक म्हणून मॅडमचे नाव आधीपासून बोलले जात होते. बैठकीच्या इतिवृत्तात त्यांच्या दुरुस्तीच्या पत्राविषयी "वाचून नोंद घेतली" एवढेच आहे. त्याखालच्या ठरावात समन्वयक म्हणून दुसऱ्या विभागातल्या प्राध्यापकांचे नाव आहे. या दोन नोंदींचा एकमेकींशी संबंध आहे, असे मला कोणी सांगितलेले नाही. नाही, असेही सांगितलेले नाही. मॅडमना मी थेट विचारले होते. त्या म्हणाल्या, "त्यांची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. माझ्या गुडघ्यांना ग्रंथालयच बरं." शनिवारचे टेबल चालू राहिले. निवृत्तीनंतरही चालू राहिले. फक्त दोन वाजता येताना मॅडम आता फाटकावरच्या रजिस्टरमध्ये पाहुणे म्हणून सही करत.

कायम जागेची जाहिरात नसरीनच्या वाढीव मुदतीतच आली. ती अर्ज करू शकली नाही. ती जागा भरली गेली. तिने प्रबंध मुदत संपायच्या अकरा दिवस आधी सादर केला. मॅडमनी शेवटचे प्रकरण दोनदा तपासले होते. पहिल्या पानावर आभारात स्वतःचे नाव पाहून त्यांनी त्यावर लाल रेघ मारली आणि समासात लिहिले, "पद्धतीच्या प्रकरणात घाल. चूक कोणाची, ते तिथे लागते." नसरीनने तसे केले.

प्रबंध तपासून यायला वर्षाहून अधिक काळ गेला आणि मौखिक परीक्षा या जूनमध्ये झाली. मॅडम जाऊन चार महिने झाले होते. चाचा दुकान बंद ठेवून आले होते. ते बाहेरच्या बाकावर बसले. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले की टोकाच्या घरांतल्या बाया पूर्वी तरी बाजाराला येत होत्या का? नसरीनने मान वर ठेवून सांगितले, "माहीत नाही. आधीच्या अभ्यासात त्यांना कोणी विचारलेलं नाही." पुढचा प्रश्न दुसऱ्या विषयावर होता. पदवीची शिफारस त्याच दुपारी झाली.

त्या आठवड्यातल्या शनिवारी दोन वाजता मी ग्रंथालयात गेले. टेबलावर नसरीनसह चौघी होत्या. धडगावकडच्या पाड्यांवर काम करू इच्छिणारी एक मुलगी पहिल्यांदाच आली होती. नसरीनने मॅडमची नोंदवही उघडली. चार रकान्यांपुढे पट्टीने ओढलेला पाचवा रकाना होता. त्यावर मॅडमच्या अक्षरात 'मुक्काम' असे शिसपेन्सिलीने लिहिलेले होते. त्याखाली एकच नोंद होती, तीही त्यांच्याच अक्षरात : "सुनंदाताईचे घर. दोन रजया तिथेच ठेवल्या आहेत."